लांब रंध्याची पाचर आणि इतर व्यवस्था

मी, सत्यभामा धर्मपाल मनवर, वय आधार कार्डाप्रमाणे चौऱ्याहत्तर आणि माझ्या आईच्या सांगण्याप्रमाणे थोडे जास्त, राहणार लोहारा, यवतमाळ, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. नाही असे फक्त माझा मुलगा राजदीप म्हणतो, आणि तोही रागात असला तरच. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. गुडघे सोडून सगळे ठीक आहे म्हणाले. गुडघ्यांनी काही मृत्युपत्र लिहायचे नाही.

मला कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून फसवलेले नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. वकीलसाहेबांनी कायद्याचे शब्द सांगितले ते मी घातले, बाकी माझे आहेत. "आजी, मृत्युपत्रात एवढं बोलत नसतात," असे ते म्हणाले. मी म्हटले, "मेल्यावर मले कोणी बोलू देणार हाये का?" मग ते हसले आणि म्हणाले लिहा.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या कागदाने रद्द समजावे. त्यात एक मोठी चूक झाली होती, ती पुसदला गेल्यावर कळली. ते पुढे येईल.

कलम एक. लोहारा येथील माझे घर, दोन खोल्या, पुढची पडवी, मागचे अंगण आणि त्यातले सीताफळाचे झाड, हे माझे दिवंगत पती धर्मपाल यांनी व मी मिळून बांधलेले असून माझ्या नावावर आहे. मातीगोटा मी उचलला, दारे-खिडक्या त्यांनी केल्या. सुतार माणसाच्या घराला बरीच वर्षे दारच नव्हते, पडदा होता. लोकांची दारे आधी. शेवटी मी एक दिवस त्यांच्या रंध्यावर बसले आणि म्हटले, दार होईपर्यंत उठत नाही. दुसऱ्या आठवड्यात दार झाले. पावसाळ्यात यवतमाळातली सगळी दारे फुगतात, आमचे फुगत नाही.

तर दोन खोल्या, अंगण आणि झाड राजदीपला. रस्त्याकडची पडवी त्याची मुलगी, माझी नात साधना, हिला. पडवीत ती काम करील, लाकूड ठेवील, ठोकाठोकी करील, आणि राजदीपने "झोप मोडते" असे म्हणू नये. तो लहान असताना बापाच्या ठोकाठोकीतच झोपायचा. काम थांबले की उठायचा.

कलम दोन. बँकेत जे असेल ते माझी मुलगी शीला, राहणार पुसद, हिला. सोन्याची पोत आणि कानातलेही तिलाच. राजदीपला मी त्याच्या लोहाऱ्याच्या फर्निचरच्या कारखान्यासाठी आधीच पुष्कळ दिले आहे, ते त्याला माहीत आहे आणि त्याच्या बायकोलाही माहीत आहे. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे वाटून देण्याची जबाबदारी शीलावर. तिला भांडता येते, म्हणून.

कलम तीन. पाटा-वरवंटा सुनेला. मिक्सर आल्यापासून तिने तो अंगणात उलटा टाकला आहे, तो उलटाच राहिला तरी चालेल, पण विकायचा नाही. पाण्याचा पितळी गुंड शेजारीण रामीबाई चव्हाण हिला द्यायचा होता. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. ते ऐकून रामीबाई म्हणाली, "मंग साक्षीदार दुसरी पाह्य." एवढी वर्षांची मैत्री, आणि ही अशी. म्हणून गुंड तिला आजच देऊन टाकला. आता तो मृत्युपत्रात नाही आणि ती साक्षीदार आहे.

कलम चार. आता मुख्य गोष्ट. माझ्या पतींची हत्यारे, म्हणजे करवती, पटाश्या, गुण्या, हातोडे आणि तीन रंधे, एक लांब, एक मधला, एक बारका, ही सर्व साधनाला. कारणासह लिहिते, म्हणजे नंतर कोणी डोके खाजवत बसणार नाही.

साधना आयटीआय शिकली आणि बापाच्या कारखान्यात मशीनवर काम करायची. बिजलीचा रंधा, बिजलीची पॉलिश, सगळे बिजलीचे. हात चांगला. पण मशीनच्या रंध्यातून जो भुसा उडतो तो पिठासारखा बारीक. दिवसभर तो नाकातोंडात. गेल्या वर्षी तिला दमा निघाला. डॉक्टर म्हणाले, धूळ सोडा. राजदीप म्हणाला, बरोबर आहे, कारखान्यात येऊ नको, दुकानात गल्ल्यावर बस, पंखा आहे, गिऱ्हाईक पाहा. बापाचे चुकले असे मी म्हणत नाही. लेकरू रात्रंदिवस खोकते तर कोणताही बाप हेच म्हणेल.

पोरगी गल्ल्यावर बसली. दोन महिन्यांत तिचा चेहरा असा झाला जसा शेपूच्या भाजीचा दुसऱ्या दिवशी होतो. एक दिवस माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, आबाचे रंधे कुठी हाये? हातानं काम केलं तं धूळ होत नाई म्हणतात."

मी म्हटले, "होत नाई. सालपटं निघते."

हे मला कसे माहीत? मी सुतार नाही. पण संसारभर माझी चूल त्यांच्या रंध्याच्या सालपटांवर पेटली. टोपली घेऊन मी संध्याकाळी त्यांच्या पायाशी बसायची आणि सालपटे वेचायची. धार चांगली असली, रंधा नीट बसला असला, तर सालपट लांब, कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, काडी लावली की भुर्रकन पेटते. धार गेली की सालपट तुटके, जाड. आणि रंधाच वाईट असेल तर चुरा निघतो, तो धुपतो फक्त, भाकर होत नाही आणि डोळे जातात. धर्मपाल दुसऱ्याच्या रंध्यावर काम करून आले की मी चुलीवरून ओळखायची. म्हणायची, आज कोणाचा भंगार रंधा घेतलता हो? ते हसत.

पण मी लगेच रंधे काढून दिले नाहीत, तर साधनाने मला न विचारता मोबाईलवरून एक रंधा मागवला. निळा रंग, लोखंडी, डब्यावर फोटो. तिने सागाच्या फळीवर मारला. तो उड्या मारायला लागला. पाते पातळ होते म्हणून थरथरत होते, आणि बाभळीवर घेतला तर धारच गेली. मी खालचा चुरा हातात घेतला आणि म्हटले, "हा चहाले बी पुरणार नाई." तर पोरगी रडायच्या ऐवजी हसली. तेव्हाच मी ठरवले, हिला रंधे द्यायचे.

कलम पाच. माझ्या पश्चात साधनाला किंवा तिच्या मुलाबाळांना नवीन रंधा घ्यायचा झाल्यास खालीलप्रमाणे घ्यावा. वकीलसाहेब म्हणाले हे कलम कायद्यात बसत नाही. मी म्हटले, बसवा.

मशीनवरून हातावर येणारा माणूस पहिल्या दिवशी सगळा बाजार घरी आणतो. तसे करू नये. आधी एक मधला रंधा घ्यावा, पण चांगला, आणि तो हाताला येईपर्यंत दुसरा घेऊ नये. मग लांब, फळीची कड सरळ करायला. लांब का, तर आखूड रंधा फळीच्या खड्ड्यात उतरतो आणि वर येतो, त्याला खड्डा कळतच नाही. लांब रंधा उंचवट्यावरून जातो, आधी तेवढेच कापतो. बारका शेवटी, हात फिरवायला.

रंध्याचा तळ पालथा धरून त्यावर पट्टी आडवी-उभी ठेवावी आणि उजेडाकडे पाहावे. पट्टीखालून उजेड आला की रंधा परत ठेवावा. दुकानदार म्हणेल एवढं चालते. त्याला चालते, तुला चालणार नाही. पाते जाड पाहावे. तोंड, म्हणजे सालपट निघायची फट, बारीक पाहावी, विशेषतः साफ काम करायचे असेल तर. फट मोठी असली की लाकूड कापायच्या आधी फाटते. हातात धरून पाहावा. माझ्या हाताला चांगला तो तुझ्या हाताला असेलच असे नाही. आणि आपल्या पिशवीत लाकडाचा तुकडा घेऊन जावे, दुकानातच मारून पाहावे. यवतमाळच्या बाजारात एका दुकानदाराने आम्हाला मारू दिला नाही, म्हणाला दुकानात कचरा होईल. मी म्हटले, "बाप्पा, कचराच तं पाहाले आलो आम्ही!" साधना मला ओढत बाहेर घेऊन गेली. त्याचे नाव लिहीत नाही, पण तो मला अजून दिसतो.

लोखंडी वाईट असे माझे म्हणणे नाही. साधनाने नंतर नीट पाहून एक छोटा लोखंडी घेतला, फळीच्या टोकाला मारायला. त्याचे सालपट मी पाहिले. माझे काही म्हणणे नाही.

कलम सहा. लांब रंधा.

हा रंधा धर्मपाल यांनी स्वतः शिसवीचा बनवला. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी दुपारी ते त्यावरच काम करत होते. छातीत दुखते म्हणून आत आले आणि त्यांनी संध्याकाळ पाहिली नाही. रंधा तसाच राहिला, पाते आत, पाचर ठोकलेली. पाते जागेवर घट्ट राहावे म्हणून लाकडाची जी पाचर ठोकतात ती. तो त्यांच्या हाताचा शेवटचा टोला, असे मी धरले. कोणाला हात लावू दिला नाही. दरवर्षी जवसाचे तेल मात्र पाजले. आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की हा रंधा राजदीपने दुकानात काचेच्या कपाटात ठेवावा, पाचर जशीच्या तशी. राजदीपने कपाटात लाइटसुद्धा लावून घेतली होती.

साधनाने मधला आणि बारका चालू केला. लांब मागितला तर मी म्हटले, चालव, पण पाचरीला हात लावायचा नाही. आता पाचर न काढता पात्याला धार कशी लावणार? आणि तिने तळाला पट्टी लावली तर मधोमध उजेड. "आजी, वाकला हा." मी म्हटले, "तुह्या आबाचा रंधा वाकत नसते." मग तिने पट्टी माझ्याच हातात दिली.

म्हणून जाणत्या माणसाला दाखवायला आम्ही पुसदला गेलो. पुसदला सेवादास राठोड राहतो. धर्मपालचा जुना जोडीदार, दोघांनी कितीतरी घरांची कामे मिळून केली. मग त्याने पहिल्यांदा बिजलीचे मशीन आणले आणि भर लग्नाच्या पंगतीत म्हणाला, "धर्मपाल, तुहा रंधा आता लोणच्याच्या बरणीवर वजन ठेवाले काढ." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नव्हते. धर्मपाल बोलायचे. मी नाही. आता तोच सेवादास म्हातारपणी आपले हातरंधे विकायला बसला आहे असे शीलाने फोनवर सांगितले, तर मला इतका आनंद झाला की मी लगेच एसटीत बसले.

रंधा जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लेकराचं तोंड तं उघडं ठेव." मी म्हटले, "झोपलं हाये, उठवू नको." साधना खिडकीतून बाहेर पाहत होती, खांदे हलत होते तिचे.

सेवादास अंगणात बाजेवर बसला होता. मला पाहून म्हणाला, "वयनी! अजून हायेस का तू?"

मी म्हटले, "तुह्या लोणच्याच्या बरणीवर वजन ठेवाले आली."

त्याला आठवले. कानाला हात लावला. भांडण मिटले असे मी समजते, आणि ते इथे लिहून ठेवते.

त्याने पेटी उघडली. मी एक पितळेची पट्टी मारलेला रंधा उचलला, काय सुंदर! साधनाने एक काळा, मूठ टवकलेला घेतला. मी म्हटले, हा कायले? ती त्याच्या तळाला पट्टी लावत होती. दोन्ही रंधे सागाच्या तुकड्यावर मारले. माझ्या पितळेवाल्यातून चुरा. तिच्या काळ्यातून असे सालपट निघाले की त्यातून सेवादासची कोंबडी दिसत होती. "वयनी, तुह्यापेक्षा पोट्टी शहाणी हाये," तो म्हणाला. मला कोणी असे म्हटले तर मी ऐकून घेत नाही, पण त्या दिवशी ऐकून घेतले, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा साधनाला विचारले, काय म्हणाला तो?

मग लुगडे सोडले. सेवादासने लांब रंधा हातात घेतला, फिरवला, आणि त्याचे तोंड उतरले.

"वयनी, पाचर ठोकलेली काहून हाये?"

"त्यायनंच ठोकली. शेवटचा हात हाये त्यायचा. कोणी सोडवत नाई."

"म्हणून तं वाकला ना हा. पाचर वर्षानुवर्षं आतून रेटून राह्यली." मग पाचरीवर बोट ठेवून म्हणाला, "पाचर ठोकलेली ठेवून धर्मपाल एकाबी संध्याकाळी उठला नाई. काम झालं का रंध्याच्या मागं दोन टोले मारे आणि पाचर ढिली करे. लाकडाले बी रात्री पाय पसरू द्या म्हणे. मी विसरलो तं माह्या रंध्याचीबी तोच ढिली करे, वरून शिव्या देऊन."

ते दोन टोले मला माहीत होते. संसारभर संध्याकाळी ऐकले. टोले ऐकू आले की मी तवा ठेवायची, कारण आता ते हात धुवायला येणार. मला वाटायचे, उद्यासाठी ठोकून ठेवतात. मी कधी विचारले नाही आणि ते कधी म्हणाले नाहीत. आणि त्या दिवशी ते टोले झालेच नव्हते, हे मला सेवादासच्या अंगणात लक्षात आले. मी जे जपले तो त्यांचा शेवटचा टोला नव्हता. राहून गेलेले काम होते ते.

मी साधनाच्या काळ्या रंध्याचे पैसे मोजले आणि लांब रंधा पुन्हा लुगड्यात गुंडाळला. शीलाकडे जेवले, चांगली झोपले, दुसऱ्या दिवशी घरी आले.

कलम सात. घरी आल्यावर मी राजदीपला बोलावले आणि सांगितले, रंधा काचेत जाणार नाही. पाचर निघणार, पात्याला धार लागणार, आणि तळ सरळ करायला थोडा छिलावा लागणार.

तो उभाच राहिला. "माय, बाबाचा रंधा छिलणार? साधना छिलणार? त्यायच्या हातचं हाये ते!"

"त्यायच्या हातचं हाये म्हणूनच. तुह्या बापानं रंधा फोटो काढाले बनवला नाई."

"मंग एवढी वर्षं तूच तं हात लावू देत नवती!"

"तवा मी चुकली, आता नाई चुकत. आण ठोकणी."

तो आणेना. साधना आणायला उठली तर त्याने तिला बसवले. त्याला खरी भीती काय आहे ते मला माहीत होते. रंधा चालू झाला तर पोरगी परत लाकडात जाईल, पुन्हा खोकेल. मी त्याला म्हटले, "राज्या, तीन महिने झाले ती हातरंध्यावर हाये. खोकतानी ऐकली का तिले?" तो साधनाकडे पाहत राहिला. मग स्वतः जाऊन ठोकणी घेऊन आला.

रंधा त्याने धरला. टोले मी मारले, मागच्या बाजूला, दोन. पहिल्याने काही झाले नाही. दुसऱ्याने पाचर सुटून माझ्या मांडीवर पडली. मला वाटले होते मी रडेन. मी उठून तवा ठेवला.

साधनाने पात्याला धार लावली आणि सेवादासच्या काळ्या रंध्याने तळ सरळ केला, थोडे थोडे, दर वेळी पट्टी लावून. उजेड बंद झाला तेव्हा तिने मला बोलावून दाखवले. मग राजदीप म्हणाला, पाहू दे जरा. एकदा मारला. दोनदा मारला. शर्ट काढून खुंटीला लावला. बिजली शिकण्याआधी तो बापाकडे हेच शिकला होता. दुकान कोणी उघडले त्या दिवशी, मला माहीत नाही.

आता नवीन भांडण निघाले आहे, म्हणून हे जास्तीचे लिहिते. बाप-लेक दोघेही लांब रंध्यावर हक्क सांगतात. तर रंधा साधनाचाच, वर कलम चारमध्ये लिहिले तसे. राजदीपने तो रविवारी मागावा, आणि तिने द्यावा. काम झाल्यावर ज्याच्या हातात असेल त्याने पाचर ढिली करूनच जेवायला यावे. काचेच्या कपाटात राजदीपने काय ठेवायचे ते त्याचे त्याने पाहावे, लाइट लागलेलीच आहे.

आणि हे सगळे माझ्या पश्चात. मी आहे तोवर रंधे माझे आहेत, आणि दोघांनीही मला विचारून घ्यावेत. मला विचारलेले आवडते.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, मोठ्याने वाचून दाखवले आणि मला मान्य आहे. सही पडवीतल्या सुतारी टेबलावर केली आहे. ती वाकडी आली आहे, तरी ती माझीच समजावी. सही करताना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला साधना लांब रंधा मारत होती आणि सगळे टेबल हलत होते. साक्षीदार म्हणाले तिला थांबायला सांगा. मी सांगितले नाही.

(सही) सत्यभामा धर्मपाल मनवर

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली, टेबल हलत होते हे खरे आहे:
१. रामीबाई चव्हाण, शेजारीण, लोहारा (अंगठा)
२. धम्मरत्न नगराळे, निवृत्त पोस्टमन, लोहारा (सही)

ठिकाण: लोहारा, यवतमाळ
दिनांक: २ फेब्रुवारी २०२५, रविवार